विहिरीवरचा आकडा कोणाच्या मोबाइलवर?

जानेवारी २०२५च्या मध्यापासून पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. गुलेन बॅरी सिंड्रोम, अर्थात जीबीएस, हा एरवी वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्याला गाठणारा आजार. पुणे आणि आसपासच्या भागात पाहता पाहता संशयित रुग्ण दोनशेच्या पुढे गेले. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, काही दगावले. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांना जाणाऱ्या पाण्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीतले पाणी क्लोरीन टाकून सोडले जात होते.

हा जिवाणू कोंबड्यांच्या आणि गुरांच्या आतड्यात राहतो. त्याच्या आवरणावरचे काही रेणू माणसाच्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात, की जिवाणूला मारायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरच चाल करून जातात. जुलाब थांबतात, माणूस कामाला लागतो आणि आठ-पंधरा दिवसांनी जिना चढताना पाय उचलेनासा होतो. म्हणजे रुग्ण डॉक्टरांपुढे येतो तोवर ज्या पाण्याचा संशय घ्यायचा ते केव्हाच वाहून गेलेले असते. साथ लक्षात आल्यावर पुण्यात नमुने घेतले गेले, क्लोरीनची मात्रा वाढवली गेली, काही खासगी आरओ केंद्रांना टाळे लागले. पण लागण झाली त्या दिवशी, त्या तासाला नळात क्लोरीन किती होते? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर हाताने लिहिलेल्या नोंदवहीत शोधावे लागते, आणि त्या वहीत दिवसाला एखादाच आकडा असतो.

पाण्यातला जिवाणू जागच्या जागी ओळखेल आणि विहिरीवर बसवून विसरता येईल असे स्वस्त यंत्र अजून नाही. प्रयोगशाळेत नमुना वाढवून पाहायला दिवस-दोन दिवस जातात. जिवाणूची सावली मात्र मिनिटामिनिटाला मोजता येते. पाण्यात टाकलेले क्लोरीन तिथल्या सेंद्रिय घाणीवर आणि जिवाणूंवर खर्च होते. त्यातून जे उरते ते शेष क्लोरीन. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे. पावसाचे, शेणाचे किंवा गटाराचे पाणी विहिरीत शिरले की हा खर्च एकदम वाढतो आणि शिल्लक घसरते. अर्ध्या तासात आकडा ०.५वरून शून्याकडे आला, तर आत काय शिरले हे कळत नाही. पण काहीतरी शिरले आहे, किंवा क्लोरीन टाकणारे यंत्रच बंद पडले आहे, एवढे नक्की कळते. पाणी सोडायचे की नाही हे ठरवायला तेवढे पुरते. जोडीला पाण्यातून प्रकाशाचा किरण सोडून काटकोनात किती उजेड विखुरतो यावरून गढूळपणा मोजणारे उपकरण असले, तर संशयाची जवळजवळ खात्री होते.

हे आकडे वेळेवर न कळण्याची किंमत कॅनडातल्या एका गावाने मोजली आहे. त्या गावाच्या पाण्यात शिरलेल्या दोन जिवाणूंपैकी एक पुण्यात सापडलेलाच होता.

ऑन्टारिओ प्रांतातले वॉकर्टन हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तिथे सलग चार-पाच दिवस मुसळधार पाऊस झाला. गावाला पाणी पुरवणारी ‘विहीर क्रमांक ५’ उथळ होती, अवघी पंधरा मीटर खोल, आणि शेजारी गुरांचे शेत. शेणखत वाहून आले आणि त्याच्याबरोबर ई-कोलाय ओ१५७ व कॅम्पिलोबॅक्टर विहिरीत उतरले. क्लोरीन टाकले जात होते, पण आलेल्या घाणीला ते पुरणारे नव्हते. सात जण मृत्युमुखी पडले आणि २३००हून अधिक आजारी झाले, म्हणजे गावातला जवळपास दर दुसरा माणूस. काही लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर कायमचा परिणाम झाला.

रोज शेष क्लोरीन मोजून लिहिण्याचा तिथे नियम होता. कर्मचारी बहुतेक दिवस मोजतच नसत, वहीत ०.५ किंवा ०.७५ असा आकडा ठोकून देत. १५ मे रोजी घेतलेल्या नमुन्यांचा अहवाल १७ मे रोजी आला. पाणी दूषित असल्याचे त्यात स्वच्छ लिहिले होते. आरोग्य विभागाने चौकशी केली तेव्हा पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकाने ‘पाणी ठीक आहे’ असे सांगितले. अखेर रुग्णांची संख्या पाहून आरोग्य अधिकाऱ्यांनी २१ मे रोजी आपल्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला. तोवर बहुतेकांना लागण होऊन गेली होती.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये आला. त्यातला निष्कर्ष आजही पाणीपुरवठ्यातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. शेष क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी उपकरणे विहीर क्रमांक ५ वर असती, तर ही साथ आलीच नसती, असे त्यांनी नोंदवले. कर्मचाऱ्यांनी हाताने का होईना, रोज खरेच क्लोरीन मोजले असते तर साथ बरीच लहान राहिली असती, हेही त्यांनीच म्हटले. पृष्ठभागावरचे पाणी झिरपण्याचा धोका असलेल्या विहिरींवर अशी उपकरणे हवीत, हे प्रांताच्या मार्गदर्शक सूचनांत १९९४ पासून होते. पण या जुन्या विहिरीचे वर्गीकरण नव्याने कोणी तपासले नव्हते.

विहिरीवरच्या यंत्राची खबर दूरवर पोहोचवणे आणि तिथूनच त्याला हुकूम देणे, म्हणजे टेलिमेट्री आणि दूरनियंत्रण. शब्द जड असले तरी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. रात्री दोनला वीज आली की अंथरुणातूनच मिस्ड कॉल देऊन विहिरीवरची मोटर सुरू करणारा मोबाइल स्टार्टर गावोगावी दिसतो. पाणीपुरवठा योजनेवर तेच, जरा विस्ताराने होते. टाकीतली पातळी, वाहिनीतला दाब, प्रवाह, क्लोरीन, गढूळपणा मोजणारे सेन्सर एका पेटीतल्या छोट्या संगणकाला म्हणजे पीएलसीला जोडलेले असतात. ती पेटी सिमकार्ड किंवा रेडिओवरून सगळे आकडे दूरच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर पाठवते. त्या पडद्यामागच्या संगणक प्रणालीला स्काडा म्हणतात.

या जुन्या तंत्रात एक शहाणपण दडलेले आहे. कारखान्यांतले आणि पाणी योजनांतले बहुतेक सेन्सर आपले मोजमाप ४ ते २० मिलिअँपिअर विजेच्या प्रवाहातून सांगतात. मोजलेली किंमत शून्य असली तरी तारेतून ४ मिलिअँपिअर वाहतच राहतात. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण तार तुटली, उंदराने कुरतडली किंवा सेन्सर मेला, तर प्रवाह शून्य होतो. ‘क्लोरीन नाही’ आणि ‘क्लोरीनबद्दल काही कळत नाही’ या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या ओळखता येतात. आपल्या नोंदवह्यांत आणि कित्येक डॅशबोर्डांवर हा फरक दिसत नाही. न आलेला आकडा तिथे कालच्या आकड्याने भरून निघतो.

देशात हा विषय ऐरणीवर आला तो जलजीवन मिशनमुळे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषणा झालेल्या या योजनेत ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट होते. पुढे २०२५च्या अर्थसंकल्पात योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवली गेली. गावोगावच्या पुरवठ्यावर सेन्सरने नजर ठेवण्याची कल्पना केंद्राने उचलून धरली आणि महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या गावांत तिचे प्रयोगही झाले. कल्पना चांगलीच आहे. पंप किती तास चालला, टाकी भरली की नाही, शेवटच्या वस्तीला दाब मिळाला की नाही, हे तालुक्याच्या ठिकाणी बसून कळणे ही छोटी गोष्ट नव्हे. दाबाचा आकडा तर आरोग्याचाही आकडा आहे. ठरावीक तास पाणी सोडून बंद केले की रिकाम्या होणाऱ्या वाहिनीत पोकळी तयार होते, आणि शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी सांध्यांतून आत ओढले जाते. विहिरीवर क्लोरीन भरपूर असूनही गल्लीतल्या लोकांना हगवण लागते ती पुष्कळदा अशी.

अडचण उपकरण बसवल्यानंतर सुरू होते. क्लोरीन मोजणारा सेन्सर हा काही विजेचा मीटर नव्हे. त्याच्या पडद्यावर शेवाळासारखा थर धरतो, आतले द्रावण संपते, आकडा हळूहळू सरकत जातो. पाण्याचा पीएच बदलला तरी तो फसू शकतो, कारण साडेसात पीएचच्या आसपास क्लोरीनचे जंतुनाशक रूप निम्म्यावर येते आणि अनेक सेन्सर प्रामुख्याने तेच रूप मोजतात. म्हणून ठरावीक दिवसांनी हातातल्या किटने पाणी तपासून सेन्सरचा आकडा ताडून पाहावा लागतो. महाराष्ट्रातल्या गावांत हे हातचे काम पूर्वीपासून चालत आले आहे. ग्रामपंचायतीचा कर्मचारी टाकीत टीसीएल पावडर टाकतो, आरोग्यसेवक ओटी टेस्ट करून पाण्याला पिवळा रंग येतो का पाहतो, पावसाळ्याआधी आणि नंतर पाणवठ्यांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सेन्सर आला म्हणून हे काम संपत नाही, उलट ते अधिक नेमाने करावे लागते. योजनेच्या अंदाजपत्रकात पेटीची किंमत असते. सेन्सरच्या टोप्या, बॅटरी, सिमकार्डचा रिचार्ज आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या जाणत्या माणसाचा पगार कुठून द्यायचा, हे पाणीपट्टीची वसुली रखडलेल्या ग्रामपंचायतीवर सोडले जाते. कंत्राटदाराची देखभालीची मुदत संपली की पेटीवरचा हिरवा दिवा विझतो आणि गाव पुन्हा वहीकडे वळते.

खोट्या इशाऱ्यांचे प्रकरणही इतकेच नाजूक. घाण झालेल्या सेन्सरने आठवड्यात तीनदा पंप बंद पाडला, तर लग्नसराईत गाव कोरडे ठेवण्यापेक्षा कर्मचारी एक दिवस त्याची तार काढून ठेवेल. त्याला दोष देणे सोपे आहे.

दूरवरून पाहण्याची ही बाजू झाली. दूरवरून करण्याची बाजू वेगळी आहे, आणि तिथे धोक्याचा रोख उलटा होतो. वॉकर्टनच्या आधी काही आठवडे, त्याच २००० साली, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मरूची भागातल्या मैलापाणी केंद्रांचे पंप विचित्र वागू लागले. इशारे येत नव्हते, पंप नको तेव्हा थांबत होते. अभियंत्यांनी आधी यंत्रातच बिघाड शोधला. प्रत्यक्षात ती रेडिओ यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडचा एक माजी कर्मचारी लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन गाडीतून फिरत होता आणि केंद्रांना खोटे हुकूम पाठवत होता. नगर परिषदेने त्याला नोकरी नाकारली होती. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी ओढ्यांत, बागांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेले. एप्रिलच्या अखेरीस तो पकडला गेला, पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली. वॉकर्टनला पाहणारा डोळा नव्हता. मरूचीला डोळा होता, हातही होता, पण तो हात कोणीही धरू शकत होते.

तेव्हा निदान गाडी घेऊन जवळ यावे लागत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲलिक्विपा इथल्या एका पाणीदाब केंद्रावरच्या पीएलसीचा ताबा इराणशी जोडल्या गेलेल्या गटाने घेतला आणि पडद्यावर इस्रायलविरोधी घोषणा झळकवली. यंत्र इस्रायली बनावटीचे होते, एवढाच त्या गावाचा गुन्हा. फार मोठी हॅकिंगची विद्या लागली होती असेही नाही. अशी यंत्रे थेट इंटरनेटला जोडलेली होती आणि कारखान्यातून येतानाचा ‘११११’ हा पासवर्ड अनेक ठिकाणी तसाच होता. ॲलिक्विपाच्या कर्मचाऱ्यांनी केंद्र हाताने चालवायला घेतले आणि पुरवठ्यावर परिणाम झाला नाही. त्याच लाटेत आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या एका छोट्या पाणी योजनेवरची सुमारे १६० घरे मात्र दोन दिवस कोरडी राहिली. याच्या महिनाभर आधीच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पाणी योजनांच्या सायबर तपासणीचा आपला आदेश मागे घेतला होता. काही राज्ये आणि पाणी कंपन्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये नॉर्वेतल्या एका छोट्या धरणाचा दरवाजा कोणीतरी दूरवरून उघडला आणि सुमारे चार तास सेकंदाला ५०० लिटर जादा पाणी वाहत राहिले. तिथल्या सुरक्षा यंत्रणेने पुढे रशियाधार्जिण्या हॅकरांकडे बोट दाखवले.

यातले सर्वाधिक गाजलेले उदाहरण मात्र जपून वापरायला हवे. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या ओल्ड्समार इथे कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण फिरला आणि पाण्यात सोडायच्या कॉस्टिक सोड्याची मात्रा दशलक्ष भागांत १०० वरून ११,१०० केली गेली. त्याने ती लगेच पूर्ववत केली. जगभर ‘पाण्यात विष कालवण्याचा प्रयत्न’ अशा बातम्या झाल्या. दोन वर्षांनी तिथल्या तेव्हाच्या शहर व्यवस्थापकाने, हा बाहेरचा हल्ला नसून आपल्याच कर्मचाऱ्याकडून झालेली चूक असावी, असे सांगितले. एफबीआयलाही बाहेरच्या घुसखोरीची खात्री करता आली नाही. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीज गेली त्या प्रकरणाची आठवण इथे होते. राज्य सरकारने सायबर हल्ल्याची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक ठरवली. चूक आणि हल्ला पडद्यावर सारखेच दिसतात. कोणी, कुठून, कधी हुकूम दिला याची नोंद न ठेवणाऱ्या यंत्रणेत ते नंतरही सारखेच राहतात.

मग गावातल्या विहिरीवर दूरनियंत्रण हवे कशाला? व्हॉल्व्हमनला चार टाक्यांसाठी दुचाकीवर दिवसभर फिरावे लागते, पंप बंद करायला रात्री कोणी नसते आणि टाकी भरून वाहते, ही खरी कारणे आहेत. पण आरोग्याच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा हुकूम, म्हणजे शेष क्लोरीन घटले की पंप थांबवणे, याला दूरच्या पडद्याची गरजच नाही. तो निर्णय विहिरीवरची पेटी स्वतः घेऊ शकते. मोबाइलची रेंज नसली तरी, नियंत्रण कक्षात कोणी झोपलेले असले तरी आणि कोणी परका जाळ्यात शिरला तरी. बाहेर जाऊ द्यायचे ते फक्त आकडे. पाहण्याची वाट आणि हुकूम देण्याची वाट वेगळी ठेवली, मात्रेला यंत्रातच एक वरची मर्यादा घातली आणि केंद्र हाताने चालवता येणारा माणूस गावात ठेवला, तर ओल्ड्समारचा आकडा पडद्यावर कोणीही टाकला तरी तो पाण्यात उतरत नाही. खर्चाच्या दृष्टीनेही ही मांडणी लहान योजनांना झेपणारी आहे. निविदांमध्ये मात्र भर असतो तो मोबाइल ॲपवरून सगळे चालू-बंद करता येण्यावर, कारण उद्घाटनाला ते दाखवायला बरे वाटते.

राहिला प्रश्न इशारा कोणाला द्यायचा, हा. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे सर्ट-इनचे निर्देश एप्रिल २०२२ पासून आहेत. तीन हजार वस्तीच्या गावातला पंप ऑपरेटर ते कोणाकडून शिकणार? पण त्याहून अवघड गाठ आपल्या विभागांमध्येच आहे. पाणी सोडते ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग. जुलाबाचे रुग्ण दिसतात प्राथमिक आरोग्य केंद्राला. शेष क्लोरीन शून्यावर आल्याचा संदेश पहिल्याला गेला आणि दुसऱ्याला गेलाच नाही, तर डॉक्टर चार जुलाबांच्या रुग्णांना ओआरएस देऊन घरी पाठवतील. ऑन्टारिओने साथीनंतर कायदाच बदलला. सार्वजनिक पुरवठ्यावर सतत मोजणारी उपकरणे आली, क्लोरीन घटले की इशारा किंवा पंप आपोआप बंद होणे सक्तीचे झाले, यंत्र चालवणाऱ्यांना प्रशिक्षण आणि परवाना लागू लागला आणि पाणी बिघडल्याचे दिसताच स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला तातडीने कळवणे बंधनकारक झाले.

वॉकर्टनच्या नमुन्यांची तपासणी करणारी प्रयोगशाळा खासगी होती. सरकारी प्रयोगशाळांनी गावांचे पाणी तपासणे १९९६ मध्ये बंद केले होते, आणि वाईट अहवाल सरकारला किंवा आरोग्य विभागाला कळवण्याची सक्ती खासगी प्रयोगशाळांवर नव्हती. १७ मे २००० रोजी तिने अहवाल फॅक्सने पाठवला, तो फक्त गावाच्या पाणीपुरवठा कार्यालयाला.